परवानगीचं काम झालंय

वसुंधरा इंगवले मूळच्या कोल्हापूरच्या. नवऱ्याची बदली बेलापूरच्या कचेरीत झाली, म्हणून त्या नवीन पनवेलला राहायला आल्या. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. वसाहतीतल्या निम्म्या इमारतींना अजून रंग लागायचा होता आणि चांगली भाजी हवी असेल तर रूळ ओलांडून जुन्या गावात जावं लागे. वर्षभरात त्यांना कळंबोलीच्या एका अनुदानित शाळेत नोकरी मिळाली. मराठी आणि इतिहास शिकवायच्या. आवाज खणखणीत, उंची चांगली, आणि कुणी काही काम सांगितलं की तोंडातून पहिला शब्द निघायचा, "होईल. मी बघते." लोकांना अशी माणसं आवडतात. स्नेहसंमेलन असो, सहल असो, पालकसभा असो, सगळं त्यांच्याकडे येई, आणि त्यांनाही ते आवडे. नाही म्हणणं किंवा नाही ऐकणं या दोन्ही गोष्टी त्यांना जमत नसत.

शाळेची बरीच मुलं हायवेच्या पलीकडच्या गावातून येत. रस्त्यावरून लोखंड बाजाराचे ट्रेलर रात्रंदिवस धावायचे. ना सिग्नल, ना गतिरोधक. मुलं हात धरून रांगेनं उभी राहायची आणि मधे फट दिसली की पळायची. ब्याण्णवच्या पावसाळ्यात चौथीतली प्राची ट्रकच्या मागच्या चाकाला लागून फेकली गेली. वाचली, पण मांडीत सळई घालावी लागली आणि ती लंगडत चालू लागली.

प्राचीची आई चंद्रावती. माहेर उरणकडचं, मिठागरावर राबणाऱ्यांचं. सासरची जमीन वसाहतीत गेलेली. नवरा जगन गोदामात हमालीला जाई आणि चंद्रावती हायवेवरच्या खानावळीला तांदळाच्या भाकऱ्या करून देई. पहाटेपासून दोन्ही तळव्यांवर थापायची. तिच्या भाकरीसाठी ड्रायव्हर मुद्दाम त्या खानावळीशी गाड्या थांबवतात, असं जगन कौतुकानं सांगे.

प्राची शाळेत परत आली त्या दिवशी वसुंधराबाईंनी वर्गातून पाहिलं. चंद्रावती पोरीला कमरेवर घेऊन हायवे ओलांडत होती, आणि दहा वर्षांची पोर लाजेनं तोंड लपवत होती. त्याच आठवड्यात पालकांची सभा झाली. दोन वर्षं अर्ज करून काही झालं नव्हतं, तेव्हा आता रस्त्याच्या कडेला धरणं धरायचं ठरलं. गतिरोधक आणि शाळेच्या वेळेला एक माणूस, एवढीच मागणी. पण तयारीला वेळ गेला, मग डिसेंबर-जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या आणि सगळंच थांबलं. अखेर फेब्रुवारीतला एक सोमवार ठरला.

"पोलिसांची परवानगी लागंल ना, बाई?" चंद्रावतीनं विचारलं होतं.

"होईल. मी बघते."

त्या ठाण्यात गेल्या. टेबलाशी बसलेले जमादार वयस्कर होते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, अर्ज नीट वाचला आणि परत केला.

"बाई, मागणी बरोबर आहे तुमची. माझी नातसुद्धा तिकडून जाते. पण सध्या जमावबंदी आहे. पाचापेक्षा जास्त माणसं जमवता येणार नाहीत. या महिन्यात परवानगी मिळायची नाही. पुढच्या महिन्यात या, मी स्वतः साहेबांसमोर ठेवतो."

"आम्ही शांतपणे बसणार आहोत."

"शांतपणे बसलात तरी गुन्हा होतो. आदेश आहे तोवर नको."

वसुंधराबाई बाहेर आल्या. पुढचा महिना म्हणजे परीक्षा. मग सुट्टी, मग पाऊस. एवढ्या खटपटीनं तयार केलेल्या बायका पुन्हा गोळा होतील याची खात्री नव्हती. काही जणींचे नवरे आधीच कुरकुरत होते. 'जमावबंदी' हा शब्द कानावर पडला असता तर एकही आली नसती. बाईंना असंही वाटलं की शाळेची मास्तरीण आणि लेकुरवाळ्या बायका रस्त्याच्या कडेला बसल्या तर पोलीस काय करणार आहेत. फार तर उठा म्हणतील.

शनिवारी त्या पलीकडच्या गावात गेल्या. देवळासमोर बायका जमल्या होत्या.

"परवानगीचं काम झालंय," त्या म्हणाल्या. "घाबरायचं कारण नाही. कुणी काही बोललं तरी जागचं उठायचं नाही. बायकांच्या अंगाला पोलीस हात लावत नसतात. कायदाच आहे तसा."

यातलं पहिलं वाक्य खोटं होतं आणि शेवटचं अर्धवट. महिला पोलीस हात लावू शकतात, हे त्यांना ठाऊक होतं. सांगायचं राहिलं असं त्या पुढे स्वतःशी म्हणत, पण राहिलं नव्हतं, त्यांनीच ते वगळलं होतं.

सोमवारी सकाळी शाळा भरल्यावर बायका कडेला सतरंज्या टाकून बसल्या. पहिले तास मोकळे होते म्हणून वसुंधराबाईही त्यांच्यात होत्या. चंद्रावती सगळ्यांत पुढे, मांडीशी प्राचीचा एक्स-रे धरून. तासाभरानं पोलिसांची गाडी आली. अधिकारी तरुण होता, चेहऱ्यावरून झोप न झालेला. त्यानं ध्वनिक्षेपकावरून शांतपणे सांगितलं, की मनाई आदेश लागू आहे, हा जमाव बेकायदा आहे, सर्वांनी निघून जावं. बायकांनी वसुंधराबाईंकडे पाहिलं. बाईंनी हातानं खूण केली, बसा.

त्यानं पुन्हा सांगितलं. मग मागून आणखी एक गाडी येऊन थांबली आणि तीतून महिला पोलीस उतरल्या. अधिकारी आपल्या माणसाला म्हणाला, "सगळ्यांची नावं घ्या. नोकरीत कोण असेल तर त्यांच्या ऑफिसला कळवायचं."

हे वाक्य बाईंना स्पष्ट ऐकू आलं. शाळा समोरच होती. खिडकीत मुख्याध्यापक उभे असतील असं त्यांना वाटलं, पण त्यांनी वर पाहिलं नाही. त्या चंद्रावतीकडे वाकल्या आणि म्हणाल्या, "मी फोन करून येते. वकिलांना."

"जावा, बाई. आमी बसतो."

कोपऱ्यावर एसटीडी बूथ होता. बाईंना एकाही वकिलाचा नंबर माहीत नव्हता. त्यांनी बेलापूरला नवऱ्याला फोन लावला. उदयसिंह सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "आहेस तिथून सरळ घरी ये." फोन बंद झाला तरी त्या रिसीव्हर कानाला लावून उभ्या राहिल्या. काचेतून दिसत होतं. महिला पोलीस एकेकीचा दंड धरून उठवत होत्या. कुणी कुणाला मारलं नाही. पण बायकांना 'उठायचं नाही' एवढंच माहीत होतं. त्यांनी एकमेकींना धरून ठेवलं, ओढाताण झाली, आणि गाडीच्या पायरीवर तिघीचौघी एकावर एक पडल्या. सगळ्यांत खाली चंद्रावती होती.

गाड्या निघून गेल्यावर बाई बूथमधून बाहेर आल्या. सतरंज्या तशाच पडल्या होत्या. त्यांनी त्या उचलल्या, घड्या घातल्या, आणि शाळेत जाऊन सातवीचा तास घेतला.

बायकांना संध्याकाळी जामिनावर सोडलं. गुन्हा जामीनपात्र होता, त्यात विशेष काही नव्हतं. पण ते आत बसलेल्यांना कुणी आधी सांगितलेलं नव्हतं. आपल्याला आता कायमचं आत ठेवतात की काय, या भीतीनं त्या दिवसभर मुकाट बसून राहिल्या. चंद्रावतीचं मनगट सुजत चाललं होतं. पदराखाली हात धरून ती गप्प राहिली. डॉक्टरकडे न्या असं म्हणता येतं, त्याची नोंद घ्यायला लावता येते, हे तिला माहीत नव्हतं. उलट, हात दुखतोय म्हटलं तर झटापट केली असा आरोप ठेवतील, असं तिला वाटलं. सुटल्यावर गावातल्या हाडवैद्याकडून बांधून घेतलं. हाड वाकडं जुळलं. महिन्याभरानं पट्टी सुटली तेव्हा डावा तळवा उताणा होईना. भाकरी थापायला दोन्ही तळवे लागतात. खानावळवाल्यानं थोडे दिवस वाट पाहिली, मग दुसरी बाई लावली.

खटला उभा राहिला. पनवेलच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. आरोपींमध्ये वसुंधराबाईंचं नाव नव्हतं, कारण नावं घेतली तेव्हा त्या तिथे नव्हत्या.

त्या प्रत्येक तारखेला जायच्या. अर्धी रजा काढायच्या, बायकांना टमटममध्ये बसवून आणायच्या, कोर्टाच्या आवारात चहा पाजायच्या. बायका त्यांचे आभार मानायच्या आणि ते त्यांना सहन व्हायचं नाही. चंद्रावती तर कुणीही विचारलं की सांगे, "बाई वकिलाला फोन कराया गेल्या, तवर आमाला उचललं. त्या असत्या तर असं झालं नसतं." बाई मान खाली घालत. एकदा जगन म्हणाला, "बाई, तुमच्यासारखं कोन येतं हो?" त्या दिवशी त्या घरी आल्या आणि स्वयंपाकाला लागल्या, पण पीठ मळता मळता हात थांबले ते थांबलेच. उदयसिंहांनी बाहेरून डबा आणला.

प्राची आता त्यांच्याच वर्गात होती. फळ्याकडे येताना तिच्या चपलेचा एक पाय घासत यायचा. बाई तिला कधी फळ्याशी बोलवत नसत. पोरीला वाटायचं, बाईंचं आपल्यावर लक्ष नाही.

बायकांचा खटला कुमुद जोगळेकर नावाच्या वकीलबाई चालवत होत्या. जुन्या पनवेलात त्यांची दोन खोल्यांची कचेरी. कोरडं बोलणं, चष्मा नाकावर. विधी साहाय्याची कामं त्या नेमानं घेत. वसुंधराबाईंनी त्यांच्याकडे जाऊन बसायला सुरुवात केली. पोलीस पकडतात तेव्हा कारण विचारता येतं का? येतं, सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. किती वेळ ठेवू शकतात? चोवीस तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभं करावं लागतं. न वाचता अंगठा द्यावा का? देऊ नये, आधी वाचून दाखवा म्हणावं. कुमुदबाई उत्तरं देत गेल्या. प्रत्येक उत्तराबरोबर वसुंधराबाईंना वाटायचं, हे सगळं पनवेलमध्येच होतं, शाळेपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, आणि आपण विचारायला आलो नाही.

एक दिवस कुमुदबाईंनीच विचारलं.

"इंगवलेबाई, एक सांगा. सरकारी हुकूम मोडल्याचं हे कलम आहे. हुकूम माहीत असूनही मोडला, असं सरकारला दाखवावं लागतं. या बायकांना जमावबंदी माहीत होती?"

"नव्हती."

"साहेबांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं होतं म्हणे."

"सांगितलं. पण त्यांना वाटलं आपल्याकडे परवानगी आहे."

"तसं का वाटलं?"

बाहेर टायपिंगचं यंत्र खडखडत होतं. कुमुदबाईंनी चष्मा काढून पुसला आणि दुसरी फाइल उघडली. पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर कितीतरी तारखा गेल्या. परवानगीचं खरं काय ते, आणि साक्ष द्यायचं मनात आहे हे, बाईंनी घरी नवऱ्याला सांगितलं. उदयसिंह म्हणाले, "तुझं नाव कुठेच नाही. साक्ष दिलीस तर तुझ्यावर येईल. नोकरी जाईल. आणि त्या बायकांना फार तर दंड होईल, दुसरं काय?"

"चंद्रावतीचा हात?"

"तो साक्ष देऊन सरळ होणार आहे का?"

त्या आणखी काही महिने गप्प राहिल्या, आणि त्या महिन्यांचा दोष त्यांनी पुढे स्वतःला सगळ्यांत जास्त लावला. खोटं बोलल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं की आपण मुलांसाठी करतोय. बूथमध्ये त्या घाबरल्या होत्या. पण या वेळी सगळं समजत होतं आणि घाई कसलीच नव्हती.

शेवटी एका रविवारी दुपारी त्या पलीकडच्या गावात गेल्या. चंद्रावती पडवीत तांदूळ निवडत बसली होती, उजव्या हातानं. जगन बाजेवर पडला होता. बाईंनी चहा नको म्हटलं आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. परवानगी नव्हती. जमादारांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं. आणि मी वकिलाला फोन केलाच नाही, नोकरीच्या भीतीनं उठून गेले.

जगन उठून बसला. चंद्रावतीनं सूप खाली ठेवलं.

"तुमाला ठाव होता?"

"हो."

"आन आमाला नाय सांगितलं."

"तुम्ही आला नसतात असं वाटलं."

चंद्रावती अंगणाकडे बघत सावकाश म्हणाली, "मी आली असती, बाई. माजी पोर हाय ती. दुसऱ्या कोन आल्या नसत्या, पन मी आली असती. पकडतील ह्ये ठाव ठेवून आली असती. मग हात मोडला असता तरी तो माजा मी मोडला असता. आता तुमी मोडल्यावानी वाटतो."

बाई उभ्याच होत्या.

"तुमी शिकलेल्या. आमच्यासाठी करता म्हनून आमी मागं आलो. पन आमच्या वाटचा इचार पन तुमीच करून टाकला."

"मी कोर्टात सांगणार आहे हे."

"सांगा. नायतर नका सांगू. तुमचा तुमी बगा." तिनं सूप परत मांडीवर घेतलं. "आता जावा. उनाचं थांबू नका."

कुमुदबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच आवाज जरा मऊ केला. "स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती तुमच्यावर कुणी करू शकत नाही. हा तुमचाही हक्क आहे, आणि तो सांगणं माझं काम आहे. घरी जाऊन विचार करा."

"फार विचार केला," वसुंधराबाई म्हणाल्या. "तोच तर केला."

साक्ष फार लांबली नाही. पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी जमादार काय बोलले आणि देवळासमोर त्या स्वतः काय बोलल्या, ते जसंच्या तसं सांगितलं. सरकारी वकिलानं विचारलं, "म्हणजे आदेश आहे हे ठाऊक असून तुम्ही या बायकांना बसवलंत?"

"हो."

"आणि अटक होताना तुम्ही कुठे होता?"

"फोन बूथमध्ये. फोन झाला होता. मी बाहेर आले नाही."

मागच्या बाकावर बायका बसल्या होत्या. वसुंधराबाईंनी तिकडे पाहिलं नाही.

सगळ्या निर्दोष सुटल्या. आदेशाची माहिती या स्त्रियांना होती असं सिद्ध होत नाही, उलट परवानगी मिळाल्याचं त्यांना सांगण्यात आलं होतं, असं निकालात आलं. वसुंधराबाईंवर पोलिसांनी वेगळा गुन्हा नोंदवला नाही. इतक्या जुन्या प्रकरणात पुन्हा हात घालायची कुणाला इच्छा नसावी. शाळेनं मात्र खुलासा मागवला, वर्तनाबद्दल समज दिली, आणि पुढे पर्यवेक्षकाची जागा निघाली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्यांना दिली. बाईंनी तक्रार केली नाही. एवढ्यावर निभावलं याचंच त्यांना ओझं वाटत राहिलं. भरपूर शिक्षा झाली असती तर कदाचित झोप लागली असती, असं त्या एकदा कुमुदबाईंना म्हणाल्या. कुमुदबाई म्हणाल्या, "झोपेसाठी कोर्ट नसतं. काम करायचं असेल तर सांगा."

मधल्या काळात हायवेवर गतिरोधक झाला होता आणि शाळेच्या वेळेला एक शिट्टीवाला उभा राहू लागला होता. त्या धरण्यामुळे झाला, की नंतरच्या आणखी एका अपघातामुळे, हे कुणी सांगू शकत नव्हतं.

कुमुदबाईंनी दिलेलं काम म्हणजे गावागावांत जाऊन बोलणं. पाण्यासाठी, रस्त्यासाठी, जमिनीच्या मोबदल्यासाठी त्या काळात पनवेल-उरण पट्ट्यात सारखं काही ना काही चालू असायचं. मोर्चाच्या आधी कुमुदबाई वसुंधराबाईंना पाठवायच्या. त्या आधी ठाण्यात जाऊन लेखी परवानगी हातात घेत, मिळाली नाही तर सभेत पहिलं वाक्य तेच सांगत. "परवानगी नाही. बसलात तर पकडतील. ज्यांना चालणार नाही त्यांनी आत्ताच सांगा, त्यात कमीपणा नाही." पुढाऱ्यांना हे आवडत नसे. बाई मोर्चा निघायच्या आधीच माणसं पळवतात, असं एक जण तोंडावर म्हणाला. बाईंनी मान हलवली आणि पुढे बोलत राहिल्या. म्हातारी माणसं कडेला बसवा. निघून जा म्हणाले तर कुठल्या बाजूनं निघायचं ते आधी बघून ठेवा. पकडलं तर ओढाताण करू नका, एकमेकींना धरू नका, पायरी बघून चढा. हे शेवटचं सांगताना त्यांचा आवाज खाली येई.

चंद्रावती पुन्हा कुठल्या धरण्याला गेली नाही. वाटेत भेटली तर "बऱ्या हाव ना, बाई" एवढं विचारी आणि पुढे जाई. प्राची दहावी झाली तेव्हा चंद्रावती शाळेत पेढे घेऊन आली. एकेका शिक्षकासमोर पुडा धरत गेली, तसा वसुंधराबाईंसमोरही धरला. डाव्या कोपरात पुडा, उजव्या हातानं पेढा. बाईंनी घेतला.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात उलव्याच्या एका देवळात अशीच सभा होती. टँकरचं पाणी येत नव्हतं म्हणून बायका तहसीलवर जाणार होत्या. वसुंधराबाईंनी परवानगीचा कागद वाचून दाखवला, त्यातल्या अटी एकेक करून समजावल्या. कॉलेजात जाणारी एक मुलगी पुढे बसली होती. तिनं विचारलं, "बाई, तुम्हाला कधी अटक झाली होती का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "झाली असती. मी उठून गेले होते. माझ्या शब्दावर बसलेल्या बायकांना नेलं, आणि एकीचा हात कायमचा गेला."

सभामंडपात चुळबुळ झाली. मुलगीही खाली बघू लागली. मागून एका म्हातारीनं विचारलं, ल्हान पोरांना संगं आनायचं का घरी ठेवायचं?

"घरी ठेवा," वसुंधराबाई म्हणाल्या, "आणि त्यांच्याजवळ कोण राहणार ते आजच ठरवा." मग त्यांनी पिशवीतून पेन काढलं, आणि कुमुदबाईंच्या कचेरीचा फोन नंबर एकेकीच्या हातावर लिहायला सुरुवात केली.